पायात जपान

सीताबर्डीत, एका घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत मी जपानी शिकवतो. नागपुरात जपानी शिकवणारा माणूस भेटला की लोक आधी हसतात, मग किस्से मागतात. ते काय, आपोआप साठत जातात! पूर्वी सांगताना मीच पोट धरून हसायचो. हल्ली सांगता सांगता डोकं फिरतं. तरी ऐका.

*

'झोरी' म्हणजे जपानी चप्पल. 'झोकिन' म्हणजे फरशी पुसायचं फडकं. लिहिताना दोन्हींची सुरुवात सारखीच. कळमेश्वरच्या वैशालीने निबंधात लिहिलं, "मी पायात पोतेरं घालून देवळात जाते."

क्लास लोळला. वैशाली शांतपणे म्हणाली, "हसता काहून? सासरी दोन्ही मलेच उचला लागते!"



*

पुढे 'ताबी' आला. अंगठा वेगळा असलेला पायमोजा. त्याला रबरी तळ लावला की तिकडच्या बांधकाम मजुरांचा बूट होतो. साध्या अक्षरांत लिहिलं तर 'प्रवास' हा शब्दही हुबेहूब तसाच दिसतो. चित्रलिपीत मात्र मोज्यासाठी पाय आणि पिशवी अशी दोन चिन्हं काढतात.

पहिल्या बाकावर निलेश बसायचा. उमरेडकडच्या विणकर घरातला पोरगा, वडील नाहीत, हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्ट करून थेट क्लासला यायचा. तो म्हणाला, "सर, मले प्रवासवाला द्या. मोजे घरी पडले हायेत!"

*

जपानला माणसं पाठवणारा एक एजंट होता. टाय, सेंट, तोंडात सारखं 'प्रोसेस'. निलेशची व्हिडिओवर मुलाखत झाली आणि बांधकामाच्या कामासाठी त्याची निवड झाली. एजंटने आधी पैसे घेतले, मग त्याच्या पायाचं माप घेतलं, दोन बोटांचे ते बूटही आणून दिले आणि म्हणाला, "सवय करा, व्हिसा आलाच समजा!" निलेशने हिंगण्याची नोकरी सोडली.

बूट बघायला त्याच्या घरी गर्दी झाली. मामांनी ते उलटेपालटे करून पाहिले.

"बूट कायचे बाबू, खूर होय हे! खूर आले का नाल ठोकणाराही येतेच मागून."

पोरगं निघालं की असं अभद्र बोलतात का, म्हणून सगळे मामांवर तुटून पडले.

*

मग गावात सत्कार! शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर निलेश हात जोडून उभा आणि मागे चीनची भिंत. मी फ्लेक्सवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "सर, इथून कोणाले दिसून राहिलं?"

आई पहिल्या रांगेत नव्या लुगड्यात बसली होती. भाषणातलं तिला काय कळलं कोण जाणे, पण प्रत्येक टाळीला ती टाळी वाजवत होती.

*

जायच्या आठवड्यात एजंटच्या ऑफिसला कुलूप. मी आणि निलेश वॉचमनपुढे उभे.

"साहब तो बाहर चले गये."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहर मतलब... फॉरेन!"

एवढ्या लोकांच्या प्रोसेसमध्ये एकट्याचाच नंबर लागला. त्या हरामखोराचं नाव घेऊन मी तोंड विटाळत नाही.

*

हिंगण्याला परत घेईनात. गावात जायचं तर चौकात फ्लेक्स. निलेशने इथेच नागपूरला लागून असलेल्या वाडीत खोली केली आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल उतरवायला लागला. तेच बूट घालून! ट्रकवर चढायला पकड चांगली बसते म्हणे. हमाल त्याला हाक मारतात, "ए जपान, पोते घे!"

आईच्या लेखी मात्र तो जपानातच आहे. संध्याकाळी पाचला, ऊन असतानाच फोन करायचा, "आई, इकडे अंधार पडला वं, जेवून झोपून राहिलो." जपान आपल्या साडेतीन तास पुढे असतं, हे मीच शिकवलेलं.

मी चिडलो, "सांगून टाक ना एकदाचं!"

"सर, तिनं गावभर पेढे वाटले. तिले कळलं तं मरून जाईन ती. तुम्ही बोलू नका, शपथ हाये."

*

परवा क्लास सुटताना दारात त्याची आई. एस्टीने एकटी आलेली, हातात कापडात बांधलेला डबा.

"सर जी, अंबाडीची भाजी अन् भाकर हाये. निलेशले पोचवा."

शपथ आठवली. म्हटलं, "काकू, जपान फार लांब आहे हो. पोचेपर्यंत भाजी खराब होईल."

तिने डबा माझ्या हातात दिला, वर पदराने पुसलाही.

"खराब कायले होईन? वाडीले पोचाले कितीक वेळ लागते!"