राखेच्या रेघेआत

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. मुकुटबनच्या पुढं, जंगलात, कोलाम आदिवासींचा एक पोड होता. दहाबारा झोपड्यांची वस्ती. पास्टरकाका अन् मी बैलगाडीनं तिथं जायचो. ते प्रार्थना सांगायचे, मी औषधं द्यायची. तिथली एक पोर दिवस भरत आलेली. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. आम्ही मागं गेलो तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "बाई, या वख्ती तू पाह्यजे."

आम्ही पोचतो तर पोडाभोवती राखेची रेघ! रोगराई शिरू नये म्हणून त्या दिवशी पोड बांधला होता. आतल्यानं बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. आतून तिच्या किंकाळ्या येत होत्या. तिची सासू धावत रेघेपाशी आली.

"बाई वं, पायच आधी आला," म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाईक, पोर मरून राह्यली अन् तुम्ही राख कायले सांभाळून राह्यले?" पास्टरकाका "दमानं घे" म्हणाले, तर त्यांनाही सुनावलं.

नाईक म्हणजे पोडाचा म्होरक्या. म्हातारा शांतपणे सगळं ऐकत होता. "रेघ मोडली तं लोकं भेतील," एवढंच बोलला. पोड बांधणारा तोच, म्हणून रेघ ओलांडायची मुभा त्यालाच. टोपली घेऊन तो बाहेर आला. माझ्या पाठीमागून राख ओतत नेली, दोन्ही टोकं जुन्या रेघेला जोडली, अन् माझ्या पुढ्यातली राख हातानं पुसून टाकली.

"आता तू पोडातली. जाय."

बाळ पायाळूच आलं, निळं पडलेलं, निपचित. मी पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, येशूला हाका मारल्या. सासू तिच्या देवाला हाका मारत होती. कोणी ऐकलं कोण जाणे, पण टाहो फुटला गं बाई! आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो.

हात धुऊन मी निघाले तर नाईक आडवा.

"कुठी चालली? पोडातलं माणूस आज बाहेर जात नाही."

"अवो, मी काहून पोडातली?"

"रेघ पाह्य."

पलीकडे पास्टरकाका हसत सुटले. "उद्या येतो न्यायला," म्हणून गाडी वळवलीसुद्धा. मी चिडले, बडबडले. बाळंतीण गोधडीवर जराशी सरकली. "राह्य ना वं," म्हणाली.

मी अनाथाश्रमात वाढलेली. जा म्हणणारे जन्मभर पुष्कळ भेटले. जाऊ नको म्हणणारं हे पहिलंच दार. तिच्या शेजारी बसले अन् ढसाढसा रडले.