बटण चाचपणारा हात

किल्लीवाल्या मामांची एक रीत होती. किल्ली घासून झाली, खटके जुळले, की ते बाजूला सरायचे. "शेवटचा फेरा मालकाच्या हातानं," म्हणायचे. वडिलांनी घालून दिलेली रीत, ती ते देवाचं नाव घ्यावं तशी पाळत.

एका दुपारी एक नीटनेटका माणूस किल्ली हरवली म्हणून त्यांना बोलवायला आला. मामांनी किल्ली घडवून त्याच्या हाती दिली. त्यानं फिरवली. आत पडदे ओढलेले, अंधार. तो दिव्याचं बटण शोधू लागला. आधी उजवी भिंत चाचपली, मग डावी, मग चक्क दारामागे. स्वतःच्या घरातलं बटण याला ठाऊक नाही, हे मामांच्या लक्षात आलं. तरी पिशवी उचलून ते जिना उतरले.

संध्याकाळी त्या घराच्या खऱ्या मालकीणबाई शाळेत शिकवून परतल्या, तर कपाट उघडं. त्यांच्या आईच्या बांगड्या गेल्या होत्या.

शेजाऱ्यांनी मामांना ओळखलं होतं. पोलिसांचं बोलावणं आलं, तेव्हा वकील भाचा सोबत गेला.

"गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात, मामा," ठाण्याबाहेरच्या बाकावर तो म्हणाला. "हातून घडलेलं कृत्य आणि मनातलं पाप. तीही एकाच वेळी. कुलूप उघडताना तो चोर आहे हे माहीत होतं?"

"तेव्हा नाही. तो बटण शोधायला लागला तेव्हा शंका आली."

"म्हणजे नंतर. तुम्ही गप्प राहिलात हे वाईट, पण तेवढ्यानं गुन्हा होत नाही. फक्त आपण होऊन बटणाचं काढू नका. साप साप म्हणून भुई धोपटतील."

मामांनी नाही काढलं. जबाबावर सही करून घरी आले.

"सोडलं ना तुम्हाला? मग जेवा," मामी म्हणाल्या. "का आता घरातच कोठडी मांडणार?"

मामा उठले. अंधार पडला होता. भिंतीकडे न बघताच त्यांचा हात नेमका बटणावर पडला. दिवा लागला, पण मामा तसेच उभे राहिले.

सकाळी नवं कुलूप घेऊन ते बाईंकडे गेले. ते बसवलं, आणि मग सगळं सांगितलं. पोलिसांपासून काय लपवलं, तेही.

बाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. "खालच्या मजल्यावर माणसं होती हो. एक हाक मारायची होती."

"गिऱ्हाईक खरंच मालक निघालं तर शोभा होईल, असं वाटलं."

"चला मग ठाण्यात. हेच तिथे सांगा."

"भाचा माझं तोंड बघणार नाही."

"नाही बघितलं तर नाही."

मामांनी होकारार्थी मान हलवली. दोघं बाहेर आले, मामांनी दार ओढून घेतलं आणि सवयीनं किल्ली पुढे केली. बाईंनी हात पुढे केला नाही.

"तुम्हीच लावा," त्या म्हणाल्या. "मी बघत उभी आहे."

मामांनी किल्ली घातली. पहिल्यांदा भोकच चुकलं. मग शेवटचा फेरा त्यांनी स्वतः दिला.