अर्धा ग्लास चहा

नकला करणं हा आपला धंदा. हेडसर असोत की एसटीचा कंडक्टर, मी कुणालाच सोडलेलं नाही. परवा गणपतीतल्या नाटकात गर्दुल्ला झालो. लाल डोळे, झोकांड्या आणि शेवटी आईच्या मांडीवर मरण. काय टाळ्या पडल्या!

आमच्या गल्लीतला विनूदादा गर्द सोडून नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. रोज सकाळी काकूंच्या चहाच्या टपरीवर येतो. त्याचे हात थरथरतात म्हणून काकू ग्लास अर्धाच भरतात. तो संपला की उरलेला अर्धा ओततात.

काल मला म्हणाला, "नकल्या, मागं उभा राहून नाटक बघितलं तुझं. मारलंस की रे मला!"

"दादा, मेल्याशिवाय पडदा पडत नाही ना."

"मरणं सोपंय. रोज सकाळी इथवर यायचं, जुने दोस्त हाका मारतात तिकडं बघायचं नाही. हे करून दाखव की."

घरी आरशासमोर करून बघितलं. जमेना. झोकांडी कुणालाही येते, पण नेटानं सरळ चालणाऱ्याची नक्कल करायची कशी? आमच्या गोष्टीतला गर्दुल्ला पडतो, रडतो, मरतो. सकाळी चहाला कधी जातच नाही बिचारा.

आज विनूदादा म्हणाला, "काकू, भरून द्या."

काकूंनी काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी त्यानं तो उचलला. थोडा बोटांवर सांडला, बाकीचा ओठांपर्यंत पोचला.

"बघतोस काय, नकल्या?"

"पाठ करतोय, दादा."