सभासदत्वाचा पाचवा लाभ

वर्गात शिरली की बकुळाताई आधी फळ्याशी जायची, एक नवा खडू घ्यायची आणि त्याचे दोन तुकडे करायची. अख्खा खडू फळ्यावर किरकिरतो, अर्धा किरकिरत नाही, एवढं तिला बारा वर्षं बालवाडी चालवून कळलं होतं. एक तुकडा ती फळ्याच्या कडेला ठेवायची आणि दुसरा ज्याचा त्या दिवशी पाठ असेल त्याच्या हातात द्यायची. काही बोलायची नाही. दीड वर्षात हे चुकलेलं मी पाहिलं नाही.

परळच्या आमच्या बी.एड.च्या वर्गात बहुतेक सगळे तेवीस-चोवीस वर्षांचे होतो. ती एकोणचाळीस वर्षांची. बकुळा तोडणकर. तिचा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीत झाला आणि लग्न होऊन ती गेली तीही चार चाळी पलीकडे. वडील गुणाजी गिरणीत होते. बारावीनंतर त्यांनी तिचं शिक्षण थांबवलं. बी.ए. तिने लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं, मराठी घेऊन. चाळीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत ती बालवाडी घ्यायची. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली तेव्हा माणसांना दुसऱ्या जागा मिळाल्या, बालवाडीला मिळाली नाही. समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिला ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या नववी-दहावीच्या मराठीच्या बाई दोन वर्षांनी निवृत्त होतायत. बी.एड. करून या, जागा तुमचीच समजा. पण त्या जूनच्या आत निकाल हातात हवा. पुढे मी कुणाला थांबवू शकणार नाही.”

त्या एका जूनसाठी ती शिकायला आली होती. हे ती वर्गात सगळ्यांना सांगायची, हसत सांगायची. तिची मुलगी नववीत होती. भोईवाड्यातल्या भाड्याच्या खोलीत दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसत आणि मुलगी तिला दरडावायची, “आई, गृहपाठ झाला का? दाखव आधी.” सासूबाई कमळाबाई देवगडच्या. त्यांची वेगळीच तक्रार होती. “चेडू नववीत इला नि आवस पाटी घेवन शाळेक चालली!” हे सगळं बकुळाताई डबा खाताना सासूच्या आवाजात करून दाखवायची. आम्हाला ठसका लागायचा.

आमच्या महाविद्यालयात छात्राध्यापक मंडळ होतं. भावी शिक्षकांचं, म्हणजे आमचंच. त्याचे कार्यक्रम ठरलेले: शिक्षक दिन, शुक्रवारचा आदर्श पाठ, वर्षाअखेरीस मुलाखतींचा सराव. बाकी वर्षभर ते कागदावर असायचं. यशोधन अध्यक्ष झाला, कारण तो बोलायला चांगला होता. बकुळाताई सचिव झाली, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. तिने पहिल्याच आठवड्यात मंडळाचं गंजलेलं कपाट उघडलं, जुन्या मुलांनी सोडून दिलेले तक्ते आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती पुसून लावल्या, जुनी पाठ टाचणं विषयवार बांधली. मग नव्या मुलांसाठी एक पत्रक लिहिलं. त्यात सभासदत्वाचे लाभ होते. कपाटातली साधनं वापरायला मिळतील, टाचणं पाहायला मिळतील, आदर्श पाठाला जागा राखून ठेवली जाईल, मुलाखतीचा सराव करून घेतला जाईल. चारच लाभ छापून आले होते. पाचवा तिने प्रत्येक पत्रकावर पेनाने लिहिला: ‘पाठाच्या दिवशी सभासद एकटा पडणार नाही.’

“हे काय ताई, विमा कंपनी आहे का आपली?” यशोधन म्हणाला.

“विम्यात माणूस गेल्यावर मिळतं रे,” ती म्हणाली. “इथे जिवंतपणी.”

बी.एड.चा अभ्यास पुस्तकात कमी आणि सराव पाठांत जास्त असतो. आजूबाजूच्या शाळांत जाऊन खऱ्या वर्गावर पाठ घ्यायचा. मागच्या बाकावर आपलेच सोबती बसतात आणि पाठ कसा झाला ते निरीक्षण वहीत लिहितात. प्रत्येकाला ठरावीक पाठ घ्यावे लागतात आणि तीस निरीक्षणं लिहावी लागतात. दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय वार्षिक पाठाला बसता येत नाही, आणि वार्षिक पाठाशिवाय निकाल नाही.

माझा पहिला पाठ लालबागच्या एका शाळेत, आठवीवर होता. मी एम.ए. करून आलेली, भाषा आपल्याला येते अशा समजुतीतली. साठ मुलांसमोर उभी राहिले आणि तिसऱ्या मिनिटाला सगळं विसरले. मुलांत खुसफुस सुरू झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. “बाई, या कवितेत पाखरू परत का येत नाही?” बकुळाताई विद्यार्थ्यासारखी उभी राहून विचारत होती. मुलं खदखदून हसली. मलाही हसू आलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, आणि पाठ तिथून चालू झाला. वहीत तिने लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यास प्रवृत्त केले.’

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी यशोधनचा पाठ होता. नायगावच्या एका शाळेत, चौथा तास, समुद्राच्या तळावरचा भूगोलाचा धडा. सकाळी तो लोअर परळच्या एका क्लासमध्ये शिकवायचा, त्यामुळे त्याचे पाठ मागे पडले होते आणि शनिवार ही शेवटची तारीख होती. आम्ही सगळे स्नेहसंमेलनाच्या तालमीत अडकलो होतो. निरीक्षणाला कोणीच गेलं नाही.

शनिवारी तो कपाटाशी आला, पुठ्ठ्याची सागरतळाची प्रतिकृती परत केली. तिचा एक कोपरा दबला होता.

“मुलांनी हाताळून हाताळून वाट लावली,” तो म्हणाला. “पाठ मस्त झाला. पण मागचा बाक रिकामा. तुझा पाचवा लाभ कुठे गेला ताई?”

हे तिला लागलं. ती खरोखर ओशाळली. “चुकलंच रे आमचं. किती वेळ घेतलास? मुलांनी काय विचारलं?”

“एकाने विचारलं, समुद्राच्या तळाला ऊन लागतं का.”

“अगं बाई!” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. “कसला गोड प्रश्न. तू काय सांगितलंस?”

त्याने सांगितलं. प्रस्तावना कशी केली, फळ्यावर काय काढलं, शेवटी गृहपाठ काय दिला, सगळं. निरीक्षणं नसतील तर पाठ धरला जात नाही. आमच्या वर्गात अशा वेळी एकमेकांचं लिहून देण्याची रीत होती. पाठ झालेला असला म्हणजे त्यात कोणाला फार वावगं वाटत नसे. तिने यशोधनच्या पाठवहीत नोंद केली आणि स्वतःच्या वहीत निरीक्षण लिहिलं. मग दर्शना, अजित आणि मी, आम्ही आपापल्या वह्या तिच्यापुढे सरकवल्या. आमचीही निरीक्षणं कमी पडत होती.

“लिही ना ताई, तुला पटापट येतं.”

तिने चारही वह्यांत वेगवेगळं लिहिलं. दर्शना कडक, म्हणून तिच्या वहीत फळ्यावरच्या अक्षराला नावं ठेवली. अजितच्या वहीत तीन ओळी, कारण तो तेवढंच लिहायचा. माझ्या वहीत त्या मुलाच्या प्रश्नावर अर्धं पान होतं. ते इतकं चांगलं होतं की मी खाली सही करताना मला ते माझंच वाटलं.

फेब्रुवारीत वार्षिक पाठाच्या आधी वह्या तपासायला गेल्या. दोन दिवसांनी प्राचार्या सुचित्रा मॅडमनी आम्हा पाच जणांना बोलावलं. टेबलावर पाचही वह्या उघड्या होत्या, यशोधनच्या पाठाची आणि आमच्या निरीक्षणांची.

“डिसेंबरातल्या या शुक्रवारी,” मॅडम म्हणाल्या, “त्या शाळेचे जुने मुख्याध्यापक वारले. शोकसभा घेऊन शाळा पहिल्या तासाला सोडली. मी स्वतः अंत्यदर्शनाला गेले होते, शाळेला कुलूप बघितलंय मी. चौथ्या तासाला पाठ कुणावर घेतला?”

 बकुळाताईने यशोधनकडे पाहिलं. रागाने नाही. ती काहीतरी आठवून पाहत होती असं मला वाटलं.

“मग तो प्रश्न कोणी विचारला रे?” ती म्हणाली.

यशोधन मॅडमकडेच बघत राहिला. “मॅडम, मी पाठ झाला असं म्हटलंच नव्हतं. घेणार होतो एवढंच बोललो. माझ्या पाठवहीतली नोंदसुद्धा त्यांच्याच हातची आहे. मंडळाचा अहवाल पूर्ण दिसावा म्हणून केलं असेल. ताई, मला कशाला गुंतवता तुम्ही?”

दीड वर्ष तो तिला अगं ताई म्हणत आला होता.

“आणि तुम्ही तिघं?” मॅडमनी विचारलं. “अक्षर तर एकच आहे.”

दर्शना म्हणाली, “वह्या मंडळाच्या कपाटात असायच्या मॅडम. किल्ली ताईंकडे.” सह्यांचं मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, सह्या आम्ही महिन्याच्या शेवटी न वाचता करतो. अजितने मान हलवली. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली.

यातलं काहीच आधी ठरवलेलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित कोणीतरी नको म्हणालं असतं.

“तोडणकर, तुम्हाला काही सांगायचंय?”

बकुळाताईने आपली ओढणी नीट केली. आमच्यापैकी एकेकाकडे पाहिलं, फार वेळ नाही. “अक्षर माझंच आहे,” ती म्हणाली.

यशोधनला पाठ पुन्हा घ्यायची मुभा मिळाली. आम्हा तिघांना एकेक निरीक्षण नव्याने लिहायला सांगितलं. बकुळाताईचा वार्षिक पाठ या वर्षी होणार नाही, पुढच्या वर्षी बसावं, असा निर्णय झाला. पुढच्या वर्षी म्हणजे जूनच्या नंतर. मॅडमना ते ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं.

मंडळाने काय कारवाई केली तेही मॅडमना लेखी हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सभा बसली. सचिव म्हणून बकुळाताई आली, इतिवृत्ताची वही घेऊन. विषय एकच होता, तिचं सभासदत्व रद्द करण्याचा. यशोधनने वही दर्शनाकडे सरकवली. दर्शनाने तारीख लिहिली आणि तिचं पेन थांबलं. आजवर इतिवृत्त फक्त बकुळाताईने लिहिलं होतं.

“ठराव कसा लिहायचा असतो?” दर्शनाने हळूच अजितला विचारलं.

“मला काय माहीत? नेटवर बघ.”

“‘मंडळाची ही सभा असा ठराव करते की,’ इथून सुरू कर,” बकुळाताई म्हणाली. सगळे वर बघायला लागले. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. “मग नाव. मग कारण. कारण थोडक्यात लिही, फार पाल्हाळ नको. आणि खाली सूचक, अनुमोदक. अनुमोदक नसेल तर ठराव होत नाही.”

सूचक अजित झाला. अनुमोदनाला कोणी हात वर करेना. पंचवीस जण होते खोलीत. पत्रक सगळ्यांना मिळालं होतं, तिचा खडू सगळ्यांच्या हातात कधी ना कधी आला होता. यशोधन माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, “कर ना यार हात वर. बुधवारी वार्षिक पाठ आहे ना तुझा? मॅडमना आजच कागद हवाय.”

मी हात वर केला.

दर्शनाने माझं नाव लिहिलं. बकुळाताईने उठून वही स्वतःकडे फिरवली, वाचली, म्हणाली, “आडनावही लिही तिचं. नुसतं नाव चालत नाही.” मग पिशवीतून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

जूनमध्ये त्या शाळेतली जागा भरली गेली. बकुळाताई पुढच्या वर्षीही महाविद्यालयात आली नाही. भोईवाड्यात ती मुलांच्या शिकवण्या घेते असं ऐकते. परळहून भोईवाडा चालत पंधरा मिनिटांवर आहे. आमच्यापैकी कोणी गेलेलं नाही. यशोधन आता एका नावाजलेल्या शाळेत आहे. शिक्षक दिनाला त्याने एक लांब संदेश पाठवला होता, गुरूंच्या ऋणाबद्दल. आमच्या गटात सगळ्यांनी त्याला हात जोडलेली चित्रं पाठवली. मीही.

तिच्याशी मी शेवटचं बोलले ते त्या सभेच्या दिवशीच. ती जिना उतरून गेली तेव्हा मी पिशवी उचलून तिच्या मागे धावत गेले. बसथांब्यावर ती उभी होती, दोन बायकांच्या मागे. मी जवळ जाऊन उभी राहिले.  “ताई,” एवढंच म्हटलं.

तिने रस्त्याकडे पाहिलं. बस वळणावर दिसत होती. तिने पर्समधून सुटे पैसे काढून मुठीत धरले.

“बुधवारी पहिल्या मजल्यावरचा वर्ग दिलाय ना तुला?” ती म्हणाली. “तिथला पंखा लावू नकोस. फार खडखडतो, मागच्या मुलांना काही ऐकू येत नाही.”