चुन्याला छत्री

दगडाच्या सुखापायी स्वतःचे हाल करून घेणारा माणूस मी जन्मात एकच बघितला, आणि तो इंग्रज होता. कुवेतला आमच्या बांधकामावरचा मोठा साहेब. मी रत्नागिरीकडचा गवंडी, चौथी नापास. तरी हा मला "उस्ताद" म्हणायचा. दिवसभर सिमेंटच्या इमारती उठवायचा आणि संध्याकाळी सिमेंटलाच शिव्या घालायचा. कारण त्याच्या गावचं चर्च. सात-आठशे वर्षांचं, त्याच्या आईबापाचं लग्न तिथलं. मनोऱ्याचे दगड सुटत होते, आणि गावची कमिटी सांध्यांत सिमेंट भरायला निघाली होती. "पानी अंदर रहेगा, पत्थर मरेगा," साहेब हिंदुस्तानात शिकलेल्या हिंदीत ओरडायचा. "चुना चाहिए, उस्ताद! पत्थर को साँस लेने दो!" रजेवर जाण्याआधी त्याला चुन्याची भिंत बांधून तिचा तुकडा कमिटीच्या टेबलावर आपटायचा होता.

मी म्हटलं, आमच्याकडे चुन्यात गूळ न् हिरडा घालतात. बायकोला पत्र धाडलं. तिनं दोन्ही पाठवलं, वर निरोप, "भिंतीचा गूळ चायमध्ये घालून पिऊ नका. मी ओळखते तुम्हांला." साहेबाच्या बंगल्यामागं छातीइतकी भिंत उठली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग भिंतीपासून थेट मडमेच्या स्वयंपाकघरात! "भिंत राहील नाहीतर मी," मडम म्हणाली. साहेब जरा जास्तच वेळ विचार करत बसला. चुना सावकाश सुकायला हवा, आणि तिथं गोडं पाणी महाग. म्हणून हा अर्ध्या बादलीत आंघोळ करी, उरलेली अर्धी भिंतीवरच्या गोणपाटाला. शुक्रवारी भर दुपारी भिंतीवर छत्री धरून उभा; भिंत सावलीत, साहेब उन्हात, शिजल्या कुर्लीसारखा लाल. आम्ही पोट धरून हसायचो.

रजेवरनं आला तो थेट माझ्या परांचीवर चढला. "मान गया कमिटी!" फोटो दाखवला. मनोऱ्याला खालपासून वरपर्यंत ओली गोणपाटं. "गूळ?" मी विचारलं. "नहीं बोला. पाद्री चींटी से डरता है."

मी गावी परतलो त्याला आता वर्षं झाली. औंदा माझी बायको गेली. पोरगा म्हणाला, "बाबा, कबरीभोवतीचे चिरे सिमेंटात बसवू, एका दिवसाचं काम." मी नाही म्हटलं. चुना भिजवला, हिरडा घातला, तिच्याच डब्यातला गूळ घातला. चिरे मी बसवले. आता रोज दुपारी जातो, गोणपाट भिजवतो, छत्री उघडतो. येणारेजाणारे हसतात. हसू देत. मीही हसलो होतो.