परक्या कंपनीचा ड्राइव्ह आणि हवालदार घरत

पनवेलला माझं पोस्टिंग झालं तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी सिग्नलमन पवार, मूळचा बार्शीचा, मिसरूड नुकतं फुटलेलं. घरच्यांना वाटलं, पोरगा बॉर्डरवर निघाला. पोरगा उतरला कळंबोलीच्या अलीकडे एका बराकीत. समोर ट्रकवाले टायर बदलायचे, मागे खाडी. आईनं पत्रातून विचारलं, शत्रू दिसतो का रे. मी कळवलं, डास दिसतात, रोज चकमक होते.

आमची डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी, छोटी होती. काम नकाशांचं. वरून सीडीवर नकाशे यायचे. आम्ही ते वर्कस्टेशनवर उघडायचो, पाहिजे तेवढा भाग छापायचो आणि ज्या युनिटला लागेल तिकडे पाठवायचो. वर्कस्टेशन म्हणजे युनिक्सवर चालणारी मशीन. आमची मशीन जुनी झालेली, पण तोरा रिटायर्ड जनरलचा. ती एसीत बसायची, आम्ही पंख्याखाली. तिच्या खोलीत शिरताना बूट बाहेर काढायचे. माझे मोजे फाटके असल्यामुळे मला हा नियम अजिबात आवडायचा नाही.

सकाळी पीटी, नाश्ता, फॉल-इन, मग मशीन रूम. तिथला खरा मालक हवालदार मधुकर घरत. उरणच्या बाजूचा माणूस, द्रोणागिरीजवळच्या गावातला. घरचं मिठागर. सगळी सर्व्हिस देशभर फिरून काढली आणि शेवटी नशिबानं घराजवळ आला. हिंदी फौजेची, इंग्रजी मॅन्युअलची, मराठी मात्र गावचीच राहिली.

त्यांचा एक नियम होता. कुठलंही खोकं उघडलं आणि आतून काही काढलं, स्क्रू असो, वायर असो, तर ते पिवळ्या टेपनं त्याच खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवायचं. मी एकदा एक वॉशर फेकला तर कचऱ्याचा डबा पालथा करायला लावला.

"सर, एक वॉशर तर आहे."

"मागशी येनाऱ्याला शोधाया लागू नये. उद्या मी नसेन, तू नसशील, खोका हायेच."

मला नकलांची खोड होती. कॅप्टन साहेबांची हिंदी, ट्रकवाल्यांच्या शिव्या, सगळं जमायचं. एकदा घरतांच्या आवाजात कुकहाउसला फोन करून चहा मागवला. कुक पळत दोन कप घेऊन आला. दारात घरत उभे. त्यांनी एक कप उचलला.

"आवाज माझा, तर च्या पन माझी. ये नकल्या, दुसरी तू पी."

तेव्हापासून मी नकल्या.

खाडीच्या वाऱ्यानं आमच्या सीडी ड्राइव्हचा घास घेतला. हा वारा कनेक्टरवर हिरवा गंज चढवायचा. ड्राइव्ह चालू होताना त्याचा ठरलेला आवाज यायचा. घर्र, टक, टक, मग बारीक शीळ. तो आवाजही मी काढायचो. एका सकाळी सीडी आत सरकवली आणि काहीच ऐकू आलं नाही.

कॅप्टन साहेबांनी मशीनच्याच कंपनीचा ड्राइव्ह मागवला. उत्तर आलं, काही महिने लागतील. मग परवानगी काढून मुंबईच्या बाजारातून दुसऱ्याच कंपनीचा ड्राइव्ह आणला. केबल तीच बसली. घरतांनी ड्राइव्हला मशीनला हवा तो नंबर दिला, केबलच्या मोकळ्या टोकाला टर्मिनेटरचं बूच लावलं. मशीनला ड्राइव्ह दिसला. सीडी फिरली. पण आमची मशीन सुरूच सीडीवरून व्हायची, आणि ती होईना. स्क्रीनवर एरर यायचा आणि जनरल साहेब गप्प.

कॅप्टन साहेब दोन दिवस मॅन्युअल घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घरत, मिल गया. अपनी मशीन एक बार में पाँच सौ बारह बाइट माँगती है. ये ड्राइव दो हज़ार अड़तालीस दे रहा है."

"म्हंजे तान्ह्या पोराच्या तोंडात बाप्याचा घास," घरत माझ्याकडे वळून म्हणाले. मग साहेबांना, "घास छोटा करनेका बटन किधर है, साहब?"

"बाहर तो नहीं है. अंदर होगा."

घरतांनी मेलेला ड्राइव्ह आणि नवा, दोन्ही उघडून शेजारी ठेवले. बाहेरून वेगवेगळ्या कंपन्या, आतून सख्खे भाऊ. बोर्ड एकाच कारखान्यातला. घरत भिंग घेऊन एकेका जागेवरून बोट फिरवत गेले. जुन्या बोर्डावर एका ठिकाणी दोन रिकामे ठिपके होते. नव्या बोर्डावर त्याच ठिपक्यांवर एक तुकडा बसवलेला, तिळाएवढा.

"साहब, निकालूँ?"

"गलत निकला तो?"

"तो ड्राइव गया, साहब."

साहेबांनी भिंग घेतलं, दोन्ही बोर्ड पाहिले. "निकालो."

घरतांनी श्वास रोखला, बारीक सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि तो तीळ चिमट्यानं अलगद उचलला. झाकणाला आतून पिवळ्या टेपनं चिकटवला. ड्राइव्ह जोडला. घर्र, टक, टक, शीळ. मशीन उठून बसली. साहेबांनी सगळ्यांना जिलेबी मागवली. मी मशीनच्या आवाजात आभार मानले.

हे वर कळवलं. इथूनच पुढचं सगळं घडलं.

उत्तरेला, घाटापलीकडे एका डिटॅचमेंटकडे अशीच जुनी मशीन होती. त्यांनीही तसलेच दोन ड्राइव्ह बाजारातून घेतले होते आणि तसेच अडकले होते. बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत त्यांना थंडीतल्या पेट्रोलिंगचे नकाशे छापायचे होते. तिथं नकाशा चुकला तर माणूस परत येत नाही. मी लाइनवर बसलो. ती लाइन अर्धी फोन, अर्धी रेडिओ. घरत शेजारी उभं राहून सांगायचे, मी पुढे बोलायचो.

"बड़ी काली चिप के बाएँ. तिल जितना पीस. ओव्हर."

"इधर चार पीस हैं. कौन सा? ओव्हर."

"ऊपर से दूसरा. ओव्हर."

"ऊपर किधर है? ओव्हर."

त्यांनी बोर्ड उलटा धरला होता. चुकीचा तुकडा निघाला, एक ड्राइव्ह गेला. आता एकच उरला. दुपारी संदेश आला, तुमचा माणूस पाठवा.

घरतांची रजा मंजूर झालेली होती. त्यांच्या आईचा एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलच्या दवाखान्यात ठरलेलं. घरत आम्हाला महिनाभर तेच सांगत होते. "पट्टी सोडतील तवा मी समोर पायजे. किती वरसं झाली, आयेनं माझं तोंड नीट बघितलं नाय. बघू दे तरी, पोरगा किती म्हातारा झालाय."

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "घरत, पवार को भेज दूँ?"

घरतांनी माझा हात धरून टेबलावर ठेवला. हातात आयर्न दिलं. आयर्नचं टोक थरथरत होतं.

"साहब, इसका मुँह चलता है. हाथ नहीं."

सगळे हसले. मीही हसलो.

"मैं जाता हूँ. पट्टी खुलने तक आ जाऊँगा."

ते सकाळच्या गाडीनं गेले. किटबॅगेत आयर्न, भिंग आणि पिवळ्या टेपचं रीळ. गेटवर मला म्हणाले, "माझ्या आवाजात च्या मागवू नको, मी नसताना." इकडे चार दिवसांनी, ठरल्या तारखेला, त्यांचा धाकटा भाऊ गजानन आईला दवाखान्यात घेऊन आला. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, पट्टी सुटेपर्यंत हलायचं नाही आणि काही झालं तरी रडायचं नाही. हाच डोळा उरलाय.

त्याच संध्याकाळी लाइन वाजली.

"नकल्या? ओव्हर."

"बोला सर. ओव्हर."

"काय बोलू नको. आयक."

त्यांनी रिसीव्हर ड्राइव्हला लावला. घर्र. टक, टक. मग शीळ. एवढ्या लांबून, खरखरीतून, पण तोच आवाज.

"चालला. साहेबांना सांग. उद्याच्या कॉन्व्हॉयनी निंगतो, खालून फौजेचं विमान हाय, रातीपर्यंत पोचतो. आयेला बोल, मी येतोय. ओव्हर."

मी रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात जाऊन गजाननला सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मीच ड्यूटीवर होतो.

"पनवेल, मेसेज फॉर ओसी. कॉन्व्हॉय का एक व्हेइकल खड्ड में गिरा है. दो कॅज्युअल्टी. एक आपका. ओव्हर."

"से अगेन. ओव्हर."

"एक आपका. हवालदार घरत. ओव्हर."

मी म्हणालो, "रॉजर. आउट." दुसरं काय म्हणतात ते मला शिकवलं नव्हतं.

कॅप्टन साहेबांनी मेसेज वाचला, टोपी घातली, जीप काढायला सांगितली. मला म्हणाले, चल. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी गजाननला बाजूला घेऊन सांगितलं. गजानन भिंतीला टेकला आणि खाली बसला. मिठागरावरचा माणूस, तळव्यांना भेगा. तो कितीतरी वेळ त्या भेगांकडेच बघत होता.

मग म्हणाला, "उद्या सकाली पट्टी सोडतान. सकालपासून इचारतेय, मधू आला का, मधू आला का. आता समजलं तर रडंल. डोला जाईल." आणि माझ्याकडे बघून, "दादा बोललेला, तुमी त्याचा आवाज काढता. आजच्या रातीपुरता काढा. येवढंच बोला, आलोय, बाहेर हाय."

मी साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "पवार, ये ऑर्डर नहीं है."

मी आत गेलो. म्हातारी उताणी झोपलेली, डोळ्यावर पांढरी पट्टी. मी घरतांसारखा किंचित खाकरलो. ते बोलायच्या आधी नेहमी खाकरायचे.

"आये, मी आलोय. काम झालं."

आवाज बरोबर लागला. मला कळतं, लागला की कळतं. गजाननानं तर तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हातारी मात्र हलली नाही. मग तिनं हात पुढे केला, माझं मनगट चाचपलं.

"आवाज त्याचाच हाय," ती म्हणाली. "पन माझा मधू मना आये बोलत नाय. वयनी बोलतो."

एकत्र घर. धाकटे दीर तिला वहिनी म्हणायचे, थोरला पोरगा तेच ऐकून शिकला. आख्ख्या गावाला माहीत होतं. आमच्यापुढे मात्र ते नेहमी 'आये' म्हणायचे, फौजेतल्या पोरांना कळावं म्हणून. माझ्याकडे आवाज होता. हाक नव्हती.

"तू त्यो नकल्या ना?"

"हो."

"मधू नाय ना आता?"

मी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. तिला कळलं. मनगट सोडलं नाही, फक्त बोटं घट्ट झाली. ओठ आत ओढून घेतले. गजानन पुढे आला तर तिनं दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं.

"नाय रडत. डाक्टर बोललाय ना, नाय रडत. मधूनीच ठरवलेलं आपरेशन हाय." मग म्हणाली, "ज्या कामाला गेलेला, ते यंत्र चाललं का?"

"चाललं. त्यांनीच चालवलं. मला फोनवर ऐकवलं."

"कसं वाजतं?"

मी तिच्या कानाजवळ वाकलो. घर्र. टक, टक. मग शीळ, बारीक, संपेपर्यंत.

"पुन्ना कर," ती म्हणाली.

मी पुन्हा केलं. त्या संध्याकाळी किती वेळा केलं ते आठवत नाही. व्हरांड्यात कॅप्टन साहेब आमच्याकडे पाठ करून उभे होते.

सकाळी पट्टी सुटली. डोळा वाचला होता. तिनं आधी गजाननकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. दाराकडे बराच वेळ बघत राहिली. नंतर डॉक्टरांना विचारलं, "आता रडू का?"

घरत तिसऱ्या दिवशी आले, तिरंग्यात. गावाबाहेर, मिठागरांच्या बांधावरून नेलं. मी खांदा दिला. बिगुलावर लास्ट पोस्ट वाजवणारा आमच्यातला नव्हता, दुसऱ्या युनिटमधून आलेला.

पुढे माझी बदली झाली, आणखी बऱ्याच झाल्या. सर्व्हिसच्या अखेरीला उत्तरेच्या त्याच डिटॅचमेंटमध्ये पोचलो. जुन्या मशीन भंगारात काढायच्या होत्या. स्टोअरमधून तो ड्राइव्ह माझ्या टेबलावर आला. मी चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं. आत पिवळी टेप, कडा जराशा सुटलेल्या. टेपखाली तिळाएवढा तुकडा.

शेजारच्या पोरानं विचारलं, "सर, ये क्या है?"

"रख इसको. किसी का है."

मी टेपच्या कडा अंगठ्यानं पुन्हा दाबल्या, झाकण लावलं, चारही स्क्रू जागच्या जागी बसवले.

हवालदार मधुकर घरत. आईला त्यांची हाक वहिनी होती. त्यांचा आवाज मी त्यानंतर कधी काढला नाही. ड्राइव्हचा अजून येतो.