विश्राम काका आणि परकराची नाडी

आमच्या व्हॅनच्या मागच्या बाजूची छोटी काच मीच फोडली. चावी आत राहिलेली, कॉलेजला उशीर होत होता, आणि मला वाटलं, सगळ्यात छोटी काच आहे, फुटली तर काय एवढं! उचलला पेव्हर ब्लॉक. नंतर कळलं की ती न उघडणारी छोटी काचच कुठे मिळत नाही, गाडीच एवढी जुनी आहे. बाबा गावाला गेलेले, सोमवारी येणार. मी दोन दिवस कल्याणचे सगळे भंगारवाले पालथे घातले तेव्हा एक मिळाली. एकच! ती छातीशी धरून ठाकुर्लीला आणली, तर गॅरेजवाला म्हणतो, "बसवताना फुटली तर मी जबाबदार नाय."

मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून रडतेय, आणि तळमजल्यावरचे विश्राम काका आले.

काकांनी खोपटच्या एसटी डेपोत तीस वर्षं बसच्या काचा बसवल्यात. पण मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजव्या हातात जोरच राहिला नाही. तेव्हापासून त्यांनी हत्यारांची पेटी उघडलेली नाही, आणि त्यांचा मुलगा विनीतदादा त्यांना साधा बल्बपण बदलू देत नाही.

"ऋजू, आण ती काच इकडे," काका म्हणाले.

विनीतदादा खिडकीतून ओरडला, "अण्णा, एकच काच आहे! तुमच्या हातून फुटली तर?"

"फुटली तर फुटली म्हणेन. तुला विचारलं का?" मग घराकडे तोंड करून, "सुमते, परकराची नाडी दे! कोरी दे, जुनी तुटते."

काकू नाडी घेऊन आल्या. "अर्ध्या एसटीच्या काचा माझ्या नाड्यांवर बसल्यात गं. मी आपली परकराला गाठी मारत फिरायचे."

काकांनी मला हत्यारांची पेटी बाहेर आणायला लावली, वर्षभराने उघडली. मग काचेला चारी बाजूंनी रबर चढवलं, रबराच्या आतल्या खाचेत नाडी फिरवली आणि भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं. आता मी बाहेरून काच दाबायची, ते आत बसून नाडी ओढणार. नाडी निघेल तसं रबर पत्र्यावर चढत जाणार. बस, एवढंच.

अर्धी काच मस्त बसली. वरच्या कोपऱ्यात नाडी अडकली. काकांनी उजव्या हाताने ओढलं, बोटं सुटली. परत ओढलं, परत सुटली. मला राहवेना, मी कोपऱ्यावर बुक्की मारायला हात उचलला.

"ए! ठोकू नको! कोपऱ्यात लागलं की अख्खी काच जाते. तळहात ठेव नुसता."

मी तळहात ठेवला. काकांच्या कपाळावर घाम. विनीतदादा बाहेर आलेला, गाडीचं दार उघडायला हात पुढे केला, पण काकूंनी त्याचा हात धरला. "थांब रे. करू दे."

काकांनी नाडी डाव्या मनगटाला दोन वेढे दिले. उजवा हात नुसता रबरावर टेकवला, जोर न लावता. "ऋजू, मी हं म्हणालो की दाब. हं... हं..." प्रत्येक 'हं'ला बोटभर नाडी बाहेर. आणि एकदम टप्प! कोपरा बसला. मी किंचाळले. सॉरी, पण किंचाळलेच!

मला वाटलं झालं. पण काका उतरेचनात. "डेपोत नियम होता. ज्याने काच बसवली त्यानेच त्या खिडकीशी बसायचं, आणि बाहेरून पाणी मारायचं. गळली तर तोच भिजणार. मार पाणी."

मी बादली ओतली. काका आत ताठ बसलेले, तीस वर्षांपूर्वी बसत असतील तसेच.

"अजून एक मार. विनीत, तू मार. जोरात."

विनीतदादाने खरंच जोरात मारली. काका उतरले, शर्टाची बाही त्याच्यासमोर धरली. कोरडी! तो हत्यारांची पेटी उचलून घरात न्यायला लागला.

"तिथेच ठेव, दाराशी," काका म्हणाले.

काकूंनी हात पुढे केला, "द्या माझी नाडी."

काकांनी नाडीची गुंडाळी केली, हळूहळू, उजव्या हातानेच, आणि खिशात टाकली.

"राहू दे. लागेल."